नदीकडे पाठ करून

काकांची मला पहिल्यांदा दिसली ती पाठ. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका मराठी माणसाच्या घरात वरची खोली रिकामी आहे, एवढंच कानावर आलं होतं. नोएडातलं ऑफिस सुटल्यावर मी मेट्रो बदलत बदलत तशीच आले आणि सँडल वाजवत जिना चढू लागले. मधल्या मजल्यावर एक धिप्पाड गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांच्यामागे फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली, वर संत्र्यांचे ढीग आणि भोवती घरातली सगळी माणसं. एक बाई एकेका ढिगावर बोट ठेवून विचारत होत्या, "हा कोणाचा?" भिंतीकडून उत्तर येई, "खालच्या खुरानाजींचा." "हा?" "भांडीवालीचा." "आणि हा?" भिंतीपाशी जरा विचार झाला. "आता जी जिना चढून आली तिचा."

खोलीचं भाडं ठरायच्या आधी माझ्या ओंजळीत नागपुरी संत्री पडली. नाही कसं म्हणणार? मी तिथे राहायला गेले आणि पुढे कितीतरी वर्षं राहिले.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, ढिवर समाजातले. वडील, आजोबा सगळे तलावावर जाळं टाकणारे. गावच्या तलावात साऱ्यांनी मिळून मासे धरायचे, काठावर आणून सारखे ढीग घालायचे आणि मग एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरा ढिगावर बोट ठेवणार, हा न बघता नाव घेणार. मोठा मासा कोणाच्या वाट्याला गेला याचा राग धरायचा तरी कोणावर? ज्यानं वाटला त्यानं पाहिलंच नाही. काकांच्या मते माणसानं आजवर जे काही शोधून काढलं त्यात याच्या तोडीचं काही नाही. त्यामुळे त्यांच्या घरात संत्री, फराळाचे लाडू, गच्चीवरच्या दोऱ्या, एवढंच काय, पार्किंगच्या जागासुद्धा पाठ फिरवून वाटल्या जात. "आमच्या लग्नात अंतरपाट होता म्हणून बरं," काकू म्हणायच्या, "नाहीतर हे तिथंही पाठ फिरवून उभे राहिले असते."

नोकरीचा सारा जन्म त्यांनी दिल्लीत, मासेमारीच्या सरकारी खात्यात काढला. समुद्र केरळचा, खाडी बंगालची, धरण महाराष्ट्राचं, आणि काका तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली. "पूर्ण नोकरीत माझ्या टेबलावर एक मासा आला नाही बाई," ते सांगत. "येऊन राहिल्या त्या फाइली. फाइलीला ना खवले, ना काटा, ना चव." निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी याचं सगळं उट्टं काढलं.

मासळी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं हे धैर्याचं काम होतं. पावसाळ्याच्या तोंडाला ते मासा हातात घेत, पोटावर अलगद अंगठा फिरवत आणि भर बाजारात ओरडत, "अंडी आहेत हिच्या पोटात! पोटुशीला बाजारात आणून बसवली काहून?" मासेवाला बिचारा हिंदी बोलणारा, त्याला यातलं अक्षर कळत नसे, पण अपमान कळत असे. एकदा एका मराठी गिऱ्हाईक बाईंनी काकांची ओरड ऐकून हातातली पिशवी परत केली. त्यानंतर त्या बाजारात आम्ही दोघं लांबून दिसलो तरी मासेवाले मासळीवर ओलं गोणपाट ओढून घ्यायचे.

काकांचं आणखी एक हत्यार मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. दिल्लीतल्या पाण्याची रड तुम्हाला ठाऊक असेल. नळ तासभर आला तर नशीब, आणि टाकी सगळ्यांची मिळून एक. काकांनी सगळ्यांना गच्चीवर बसवून ठरवून घेतलं की उन्हाळाभर गाड्या धुवायच्या नाहीत. खुरानाजींनी हात वर करून होकार दिला आणि त्याच आठवड्यात पाइप लावून आपली नवी गाडी धुवायला काढली. मी वरून पाहत होते, म्हटलं आता जुंपणार. काका खाली गेले, खुरानाजींच्या समोर उभे राहिले आणि वळून त्यांच्याकडे पाठ केली. "खुरानाजी," ते भिंतीला म्हणाले, "मैंने कुछ देखा नहीं. जब मैं मुड़ूँगा तब भी कुछ नहीं दिखेगा. बिल्कुल आराम से." पाइप बंद झाला. खुरानाजी त्या संध्याकाळी स्वतः जिलेबी घेऊन वर आले आणि तीही, अर्थात, ढीग घालून वाटली गेली.

मी विचारलं, "काका, पण त्यांनी ऐकलं नसतं तर?"

"तर मी अजून तिथंच उभा असतो ना बाप्पा," काका म्हणाले. "माणसाला चूक सुधारायची असते. कोणी पाहत असलं की सुधारता येत नाही."

आता नदीकडे येते, कारण काकांचा जीव तिथे होता.

यमुना दिल्लीत शिरल्यावर तिचं काय होतं ते सांगायला नको, पण वझिराबादच्या वरच्या अंगाला ती अजून नदी आहे. या काठावर दिल्ली, त्या काठावर उत्तर प्रदेश आणि दोन्ही काठांवर मासे धरून विकणारे मल्लाह. एका रविवारी काका मला घेऊन तिथे गेले. मी फौजीची मुलगी, घर साताऱ्याचं, पण वाढले ती दिल्ली कँटोन्मेंटमध्ये. मराठी घरापुरती. नदी एका वळणावर काळीभोर खोल होती, तिकडे बोट करून मी म्हटलं, "काका, ते गहिरं पाणी." काकांनी कपाळावर हात मारला. "डोह म्हण, डोह! फौजेत डोह नसतो काय?" तो शब्द मला त्यांनीच दिला.

काठावर शांतीदेवी नावाची बाई परातीत जिवंत मासे घेऊन बसली होती. या काठावर तिचाच शब्द चालायचा आणि आवाज असा की पलीकडच्या राज्यात ऐकू जावा. परातीतले मासे मात्र बोटाएवढे. काकांना ते बघवेना. त्यांनी सगळी परात विकत घेतली, गुडघाभर पाण्यात गेले आणि मासे सोडून दिले. वर हात जोडले. शांतीदेवी तोंडाला पदर लावून पाहत राहिली. पुढच्या रविवारी तिनं त्यांना तशीच परात विकली. काकांनी तीही सोडली. त्याच्या पुढच्या रविवारी तिला राहवलं नाही. "बाऊजी," ती म्हणाली, "आप उधर छोड़ते हो, हम इधर मोड़ पे फिर पकड़ लेते हैं. ये बेचारी मछलियाँ तो अब आपको पहचानती हैं."

काका इतके हसले की त्यांना वाळूत बसावं लागलं. त्या दिवसापासून त्यांची आणि शांतीदेवीची जी मैत्री जमली ती जमलीच.

पण हसणं संपल्यावर ती जे बोलली त्यात गंमत नव्हती. मोठे मासे राहिले नाहीत. जाळं दिवसभर टाका, हाताला लागतो तो असा चुरा. पावसाळ्यात मासळी अंडी घालायला डोहात येते तेव्हा तिला सोडायला हवी, हे तिलाही कळत होतं. "हम छोड़ दें तो उस पार वाले ले जाएँगे," ती म्हणाली. काका पूल ओलांडून, वळसा घालून पलीकडे गेले. तिथे बनवारी म्हणून म्होरक्या होता, मोजकं बोलणारा, मिशीवाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हम छोड़ दें तो उस पार वाले ले जाएँगे." काकांनी ते वाक्य महिनोन् महिने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेलं. सरकारी नियम दोन्ही बाजूंना होते. नव्हता तो एकमेकांवर भरवसा.

शेवटी बैठक ठरली, पण कुठल्या काठावर यावरूनच वाद. यांनी तिकडे जायचं नाही, त्यांनी इकडे यायचं नाही. तेव्हा काकांनी दोन नावा नदीच्या मधोमध एकमेकींना बांधायला लावल्या. या नावेत शांतीदेवीची माणसं, त्या नावेत बनवारीची, आणि काका एक पाय या नावेत, एक त्या नावेत. पोहता येत नसलेला ढिवर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. काकूंनी दिलेले पोहे सगळ्यांनी खाल्ले. दुपार कलेपर्यंत सगळं ठरलं होतं. पाणी चढायला लागल्यापासून पूर ओसरेपर्यंत डोहात जाळं नाही. जाळ्याच्या एकेका घरातून तीन बोटं आरपार गेली पाहिजेत, म्हणजे बारकी मासळी निसटेल. राखणीला एकच नाव, त्यात दोन्ही काठांचा एकेक माणूस. आणि डोह उघडेल त्या सकाळी शांतीदेवीनं थाळी वाजवली की दोन्ही काठांनी एकाच वेळी जाळं टाकायचं आणि ती पहिली मासळी एकत्र करून काकांनी पाठ फिरवून सारखी वाटायची. हे शेवटचं कलम काकांचं, भंडाऱ्याच्या तलावावरचं.

त्या पावसाळ्यात काकांनी घरात मासा आणू दिला नाही. नळाचं पाणी जरा गढूळ आलं की ग्लास उजेडात धरून म्हणत, "चढली बाई, वर पाणी चढलं." आम्हाला तेच पाणी प्यायचं होतं हे त्यांच्या गावीही नसे. राखणीच्या नावेतली दोन माणसं आधी एकमेकांवर नजर ठेवून असत. मग पत्ते खेळू लागली. मग घरून एकमेकांसाठी भाकऱ्या आणू लागली. काका रोज फोन लावून त्यांना मासळीबद्दल विचारत आणि ते दोघं हुकूम कोणाचा यावर भांडत असल्यामुळे उत्तर देत नसत.

एकदा उघडीप होती म्हणून गच्चीवर वाळवण राखत बसलो असताना मी काकूंना विचारलं, "काकांना नदीवरच्या लोकांचं एवढं का लागलंय?" काकूंनी एक कावळा हाकलला. मग म्हणाल्या, "त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा नियम आहे, जाळं नाही त्याला वाटा नाही. दिल्लीची नोकरी लागली तेव्हा यांचं नाव काढलं. काढायला यांच्या वडिलांनीच सांगितलं, आणि बरोबरच होतं ते. आता गावाला गेलो की कालवण मिळतं, ताटात मोठा तुकडा पडतो. पण ते पाहुण्याला वाढलेलं. काठावर ढीग पडतात तेव्हा हे लांब उभे असतात." काकांना हे बोललेलं आवडलं नसतं. ते स्वतः तो नियम मोठ्या अभिमानानं सांगत आणि सांगून झालं की चष्मा पुसत.

डोह उघडायची सकाळ आली. मी माझी जुनी गाडी काढली. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले आणि वाटभर घड्याळ पाहत राहिले. काळजी उघड होती. आज जमलं तर पुढच्या वर्षी डोह पुन्हा बंद राहणार, आज फिसकटलं तर कायमचं फिसकटणार. आणि फिसकटायला वेळ लागत नाही.

नदीवर पातळ धुकं होतं. या काठावरचे सगळे जाळी खांद्यावर टाकून तयार, पलीकडच्या नावा पाण्यात उभ्या. शांतीदेवी थाळी पदरानं पुसत होती. तिचा धाकटा दीर यायचा होता, त्याच्यासाठी ती थांबली होती. तेवढ्यात आमच्या मागच्या शेतात धाडधाड पत्रा वाजू लागला. पिकात नीलगाय शिरली होती आणि शेतकरी तिला हाकलत होता. ती भलीथोरली नीलगाय आमच्या गाडीला वळसा घालून पळाली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मागे वळून पाहते तर पलीकडच्या सगळ्या नावांनी जाळी फेकलेली.

त्यांना वाटलं थाळी झाली. आमच्या काठाला वाटलं दगा झाला. "देखा बाऊजी! देख लिया?" कोणी शिव्या देऊ लागलं, कोणी नाव ढकलून पाण्यात उतरू लागलं. आता जो तो आपापलं धरणार. काका "नीलगाय! अरे नीलगाय थी!" असं ओरडत होते आणि त्या गदारोळात त्याला काही अर्थ लागत नव्हता. पलीकडे जाळी वर आली. एवढ्या लांबूनही कळलं, जड होती. व्यापाऱ्याचा बर्फ भरलेला टेम्पो त्या काठावर उभाच होता. त्यानं हॉर्न दिला.

काका पाण्याच्या कडेला गेले. दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळा जीव एकवटून ओरडले, "बनवारी! मैं पीठ फेर रहा हूँ!"

आणि ते वळले. नदीकडे पाठ, तोंड शेताकडे, हात मागे बांधलेले. त्यांचा चेहरा आता माझ्यासमोर होता. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते.

"एक मिनट रुको सब!" शांतीदेवी गरजली. नाव ढकलणारे थबकले.

बनवारी नावेत बांबू धरून उभा होता. टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. बनवारीनं टेम्पोकडे पाहिलं, पायांशी उड्या मारणाऱ्या माशांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, त्या इस्त्रीच्या शर्टातल्या रुंद पाठीकडे. मग त्यानं बांबू पाण्यात रोवला आणि नाव आमच्या बाजूला वळवली. त्याच्यामागे दुसरी वळली, मग सगळ्याच.

"काय होऊन राहिलं बाई?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"येतायत काका," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. आनंदानंही इतकं घळाघळा रडता येतं हे मला माहीत नव्हतं.

नीलगायीचं प्रकरण उलगडलं तेव्हा दोन्ही काठ मिळून हसले. पत्रा वाजवणारा शेतकरी काय झालं ते बघायला आला, त्याला चहा पाजला. मग शांतीदेवीनं थाळी वाजवली, खरी थाळी, आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा जाळी टाकली. वर आले ते रोहू होते, कतला होते, परातीत मावणार नाहीत असे. ताडपत्रीवर चंदेरी रास पडली. ती बघून म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती.

काका मात्र अजून शेताकडेच तोंड करून. ते वळायला लागले तशी शांतीदेवी ओरडली, "मुड़ना नहीं बाऊजी! बाँटना भी तो आपको ही है!" वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मागे तडफडत होतं आणि यांना बघायची बंदी, तीही त्यांच्याच नियमानं. "रोहू आहे काय?" ते मला विचारत. "केवढा आहे? हातभर आहे काय?" मला बोलायची मनाई होती. एका खोडकर मल्लाहानं जिवंत रोहू त्यांच्या मागे बांधलेल्या हातांत क्षणभर दिला आणि काढून घेतला. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी विसरणार नाही.

ढीग पडले. बनवारी बोट ठेवू लागला. "ये किसका?" काका नाव घेत. दोन्ही काठांवरची सगळी नावं त्यांना पाठ होती, कोणाचं घर कुठलं तेही. "ये किसका?" "ये?" नावं घेतली जात होती, माणसं हसत आपापला ढीग उचलत होती. शेवटी बनवारीनं विचारलं, "और ये किसका?"

काका थांबले. बोटांवर मोजत मनातल्या मनात सगळ्या घरांवरून फिरून आले. "सबके हो गए."

"नहीं हुए."

"दीर आला काय शांतीदेवीचा?" काकांनी मला विचारलं. "आला काका. त्याचा वाटा झाला." "राखणीवाले दोघं?" "झाले." काका गोंधळले. "मग मी चुकलो कुठं बाई?"

बनवारीनं ढिगावरचं बोट उचललं नाही. आणि मग हळूहळू त्यांना उमगलं. त्यांची मान खाली गेली. "नहीं, नहीं," ते म्हणाले, "जिसका जाल नहीं, उसका हिस्सा नहीं. ये कायदा है."

"जाल डालना बाद में सिखा देंगे," शांतीदेवी म्हणाली. "अभी नाम बोलो, मछली धूप में पड़ी है."

काकांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. मग नदीकडे पाठ असतानाच, शाळेत हजेरी द्यावी तसं ताठ उभं राहून, त्यांनी मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं. आधी आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव. इतकी वर्षं त्या घरात राहिले, पण त्यांच्या तोंडून ते नाव मी तेव्हाच ऐकलं.

परतताना त्यांनी मासे डिकीत ठेवू दिले नाहीत. ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतले. इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली. मी घाईत होते, मला नोएडा गाठायचं होतं, आणि रिंगरोडवर मागचे हॉर्न देत होते.

"हळू घे बाई," काका म्हणाले, "समोर गतिरोधक आहे. मांडीवर माझा वाटा आहे."